प्लाउ लेनचं मैदान: ऑडिट वर्ग ‘ब’

आधी माझी ओळख, म्हणजे पुढचं का लिहितोय ते कळेल. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. चौतीस वर्षं सहकारी संस्थांची लेखापरीक्षणं केली. दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था, विकास सोसायट्या आणि मन भरून पतसंस्था. शनिवार-रविवार शाहू स्टेडियमवर. शिवाजी तरुण मंडळाचा सामना चुकला तर जेवण जायचं नाही. आता निवृत्तीनंतर वर्षातले चार-पाच महिने दक्षिण लंडनमध्ये, कोलियर्स वूडला मुलाकडे असतो. त्यामुळे इथे फुटबॉल बघायला गेलो तर माझं निम्मं लक्ष चेंडूवर आणि निम्मं ताळेबंदावर असतं. खोड आहे, जात नाही.

आमच्या घरापासून वँडल नदीच्या काठाकाठाने चालत गेलं की पंचवीस-तीस मिनिटांत ए.एफ.सी. विम्बल्डन या फुटबॉल क्लबचं मैदान येतं. नदी आपली मानाने म्हणायची. आमच्या पंचगंगेसमोर ती पाटाच्या पाण्याएवढी. पण या पाटाने काय केलं ते पुढे सांगतो. रस्त्याचं नाव प्लाउ लेन, म्हणजे नांगर गल्ली. आगगाडीने यायचं तर हेडन्स रोड स्टेशन जवळ. क्लबच्या शुभंकर बाहुल्याचं नावही त्या स्टेशनावरून हेडन ठेवलंय. टूटिंग ब्रॉडवेहूनही चालत येता येतं, आणि परतीच्या वाटेवर डोसा खायचा असेल तर तेच बरं.

मैदान पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चिरंजीवांना विचारलं, “अरे, स्टेडियम कुठंय?” कारण समोर दिसत होते फ्लॅट. सहा-सात मजली, बाल्कन्यांचे, आपल्याकडे बाणेर-बालेवाडीला असतात तसे. स्टेडियम त्यांच्या कुशीत बसवलंय. मग कळलं की हा सगळा रिडेव्हलपमेंटचा मामला. इथे पूर्वी ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम होतं, ते 2017 मध्ये बंद झालं. जागेवर गॅलियर्ड होम्स या बिल्डरने सहाशेच्या आसपास फ्लॅट उभे करायचे आणि त्याच प्रकल्पात क्लबचं मैदान बसवायचं, अशी योजना. मर्टन कौन्सिलने 2015 च्या डिसेंबरमध्ये तिला मंजुरी दिली. दादर-गिरगावच्या माणसाला हे एका वाक्यात समजेल. लंडनमध्ये पाच-दहा हजार माणसं गोळा करणाऱ्या क्लबला स्वतःच्या हिमतीवर जमीन परवडत नाही. फ्लॅटच्या आडोशानेच घर मिळतं.

जुनं प्लाउ लेन इथून हाकेच्या अंतरावर होतं. सामना सुरू व्हायला तासभर होता म्हणून तिकडे चक्कर मारली. तिथेही फ्लॅटच! वसाहतीचं नाव रेनॉल्ड्स गेट, जुन्या गोलवीराच्या नावावरून. इमारतींना बॅसेट, कॉर्क अशी प्रशिक्षक-खेळाडूंची नावं. वाडा पाडायचा आणि टॉवरला वाड्याचं नाव द्यायचं, ही रीत फक्त पुण्याची नाही म्हणायची. जुनं मैदान 1912 चं. आमचं खासबागही 1912 चं. खासबागेत अजून कुस्त्या होतात, इथे मात्र लोक सोफ्यावर बसून दूरदर्शन बघतात.

इतिहास थोडक्यात, कारण त्याशिवाय कर्ज कळणार नाही. जुन्या विम्बल्डन क्लबने 1988 ला एफ.ए. कप या इंग्लंडच्या जुन्या मानाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला 1-0 ने हरवलं. लॉरी सांचेझचा गोल, आणि डेव्ह बेझंटने जॉन आल्ड्रिजची पेनल्टी अडवली. मग 1991 मध्ये क्लब मैदान सोडून क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कला भाडेकरू म्हणून गेला. जुनी जागा 1998 मध्ये सेफवे या सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. घर विकलेल्या कुटुंबाचं पुढे जे होतं तेच झालं. 28 मे 2002 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या त्रिसदस्यीय आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली, आणि मालकांनी क्लब उचलून मिल्टन कीन्सला नेण्याचा रस्ता मोकळा झाला. लंडनपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. शिवाजी तरुण मंडळ उचलून कराडला नेलं असतं तर पेठेने काय केलं असतं, ते मी लिहीत नाही.

इथल्या पेठेने दुसरा क्लब काढला. काही दिवसांत नोंदणी, जूनमध्ये विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या गवतावर खेळाडूंची निवड चाचणी, आणि 10 जुलैला सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना. 4-0 ने हरले, बघायला साडेचार हजारांवर माणसं. सुरुवात पार खालच्या, नवव्या पायरीवरून. नऊ वर्षांत, 2011 ला, ल्यूटनला पेनल्टीवर हरवून व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये. मालकी डॉन्स ट्रस्टकडे, म्हणजे समर्थक सभासदांची. एक सभासद, एक मत. हे वाचल्यावर माझ्यासारख्याचे कान टवकारणारच. ही तर आपली सहकारी संस्था!

आणि सहकारी संस्थेला बांधकामाची हौस आली की माझ्या पोटात गोळा येतो. कारण सांगतो. मी एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेचं नाव घेत नाही. तिथे माझ्या बायकोच्या नावावरही मुदत ठेव होती. संस्था छान चालली होती, वसुली चोख. मग अध्यक्षांना मुख्यालय हवं झालं. चार मजले, समोर काचा, आत संगमरवर, जिन्यात संस्थापकांचा अर्धपुतळा. ताळेबंदात ‘इमारत निधी’ फुगत गेला आणि हाताशी असलेली रोख आटत गेली. उद्घाटनाला आमदार, जेवणावळीत मठ्ठा-जिलेबी. तीन वर्षांनी ठेवीदारांच्या रांगा त्याच काचांसमोर. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा तरी असतो, पतसंस्थेला तोही नाही. संगमरवर अजून चकचकीत आहे म्हणतात.

इंग्लंडात या दुखण्याचा दाखला डार्लिंग्टनचा आहे. लाखभर वस्तीचं गाव. क्लब कायम खालच्या विभागांत. जॉर्ज रेनॉल्ड्स नावाचे मालक (रेनॉल्ड्स गेटवाल्यांशी संबंध नाही), तरुणपणी तिजोऱ्या फोडणारे आणि नंतर स्वयंपाकघरातल्या ओट्यांच्या फळ्या विकून कोट्यधीश झालेले. त्यांनी 2003 मध्ये 25,000 आसनांचं स्टेडियम बांधलं. पहिल्या सामन्याला 11,600 माणसं आली, किडरमिन्स्टरकडून 2-0 ने हरले, आणि तेवढी गर्दी तिथल्या लीग सामन्याला पुन्हा कधी झाली नाही. त्याच डिसेंबरमध्ये क्लब प्रशासकाच्या हाती गेला. मग 2009 ला पुन्हा, 2012 ला पुन्हा. शेवटी चार पायऱ्या खाली फेकला गेला. आता त्या मैदानात रग्बीवाले खेळतात, आणि समर्थकांनी नव्याने उभा केलेला क्लब दुसरीकडे. तीस हजार लिटरच्या टाकीत दोन हजार लिटर दूध घातलं तर ते थंड ठेवण्याचा खर्चच दुधापेक्षा जास्त होतो. दूध संस्थेच्या कुठल्याही सचिवाने हे सांगितलं असतं.

प्लाउ लेनची क्षमता 9,215. हा आकडा मी तोंडपाठ केलाय, कारण या संस्थेबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला तो इथे. पश्चिमेची एकच बाजू मोठी आणि पक्की. खाली खोल्या, हॉल, मेजवान्यांची सोय, सगळं तिकडे. बाकीच्या तीन बाजू साध्या. दक्षिणेच्या बाजूला तर उभं राहूनच बघायचं, लोखंडी कठड्याला टेकून. पुढे कधी बरे दिवस आले तर 20,000 पर्यंत वाढवता येईल अशी तजवीज. अंथरूण पाहून पाय पसरायचे हे कळलेला अध्यक्ष मला सेवाकाळात दोन-तीनदाच भेटला. बहुतेक सामन्यांना सात-आठ हजार माणसं येतात, त्यामुळे मैदान भरल्यासारखं दिसतं आणि आवाज घुमतो. कानाला शाहू स्टेडियमची आठवण येते. फक्त शिव्या मवाळ आहेत, किंवा मला कळत नाहीत.

आता मुख्य मालाकडे. मी परीक्षण लिहायला बसलोय ते खरं तर दोन वस्तूंचं: सामन्याचं तिकीट, आणि प्लाउ लेन बाँड, म्हणजे क्लबचे कर्जरोखे. तिकिटाची किंमत सांगू शकत नाही, कारण ज्येष्ठ नागरिकाचं तिकीट चिरंजीवांनी काढलं आणि “बाबा, तुम्ही फक्त बघा हो” एवढंच म्हणाले. विनाव्हाउचर खर्च. शेरा मारून पुढे जातो.

कर्जरोख्याचा कागद मात्र मी नीट वाचलाय. त्याची कथा अशी. मैदानाचा खर्च तीन कोटी पाउंडांच्या वर. पैसे आणले कुठून? किंग्समेडो हे आधीचं मैदान चेल्सीला विकलं, तिथे मग त्यांचा महिला संघ खेळू लागला. बिल्डरकडून काही आले. 2019 मध्ये लोकवर्गणीच्या धर्तीवर, इंटरनेटवरून भाग विकून वीस लाख पाउंडांपेक्षा जास्त जमवले. तरी त्या वर्षाच्या अखेरीस, सांगाडा उभा राहिलेला असताना, सुमारे 1 कोटी 10 लाख पाउंडांचं भगदाड निघालं. बांधकाम सुरू झाल्यावर भगदाड निघणं यात नवल काही नाही, अंदाजपत्रक हा साहित्यप्रकारच कल्पनारम्य. नवल पुढे आहे. संचालकांनी सुचवलं की बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा देऊ. सभासद उसळले. एकदा मालकामुळे घर गेलेली माणसं ती. त्यांच्यापैकी काहींनी सांगितलं, थांबा, आम्हीच कर्ज देतो.

आणि 2020 च्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्यांनी पन्नास लाख पाउंडांच्या वर जमवले. शिवाय एसॉस या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीचे संस्थापक निक रॉबर्टसन यांनी पंचवीस लाख पाउंड घातले, बाकीची बेगमी सावकारी कर्जाने.

रोख्याच्या अटी वाचून मी चष्मा काढून पुसला. मुदत पाच, दहा किंवा वीस वर्षं. व्याज 4 टक्क्यांपर्यंत, पण किती घ्यायचं ते कर्ज देणाऱ्याने ठरवायचं! हवं तर शून्य. माझ्या चौतीस वर्षांत ठेवीदाराने “मला व्याज कमी द्या” म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून लोक नदीपलीकडच्या संस्थेत ठेवी हलवतात. आमच्या चिरंजीवांनी हजार पाउंड घातले, मुदत दहा वर्षं, व्याज 2 टक्के.

“चार का नाही घेतलंस?” मी विचारलं.

“बाबा, माझ्या पुढच्या रांगेतल्या पेन्शनर काकांनी शून्य घेतलं. मी चार कसं घेऊ?”

असा दबाव आपल्याकडे फक्त गणपतीच्या वर्गणीला असतो.

आता लेखापरीक्षक म्हणून. गुंतवणूक म्हणून हा रोखा दुबळा आहे, हे स्पष्ट लिहितो, कारण कुणी मराठी माणूस भावनेच्या भरात पेन्शनची पुंजी अशा कागदात घालायला नको. कर्ज विनातारण. बँकेतल्या ठेवीला इथे जी हमी असते ती याला नाही. मधेच पैसे लागले तर बाजारात विकायची सोय नाही. क्लब अडचणीत आला तर तारण घेतलेला सावकार आधी उचलणार, पेन्शनर काका मागे. आणि ते 2 टक्के व्याज! 2020 मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर आधी 0.75, मग 0.1 टक्क्यांवर आला होता, तेव्हा 2 टक्के गोड वाटले. 2023 मध्ये दर सव्वापाच टक्क्यांवर गेला. चिरंजीवांनी तेच हजार पाउंड साध्या बचत खात्यात ठेवले असते तर जास्त मिळाले असते. हे मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. त्याने कागद घेतला आणि मागच्या बाजूला नातवाने डायनासोर काढला.

पण हाच कागद क्लबच्या बाजूने वाचला की चित्र फिरतं. भोवताली व्याजदर सव्वापाचवर गेलेले असताना, या संस्थेच्या कर्जाचा मोठा वाटा शून्य ते 4 टक्क्यांवर बांधलेला. अशी अट कुठल्याच बँकेने दिली नसती. शिवाय सावकार आणि गिऱ्हाईक एकच. ज्याचे पैसे अडकलेत तोच दर शनिवारी तिकीट काढतो, चहा पितो, पोराला जर्सी घेतो. तो वसुलीला कधी येणार? आलाच तर दक्षिणेच्या कठड्याला टेकून उभा राहणार.

घोडं अडतं ते मुदतीत. स्टेडियम पन्नास वर्षं टिकणारी मालमत्ता आणि त्यासाठी घेतलेल्या पैशातला काही पाच वर्षांच्या मुदतीचा. पतसंस्थांच्या प्रत्येक अहवालात मी हा शेरा लिहायचो: अल्प मुदतीच्या ठेवी दीर्घ मुदतीच्या मालमत्तेत गुंतवल्या आहेत. 2020 ला पाच वर्षांचा रोखा घेतलेल्या माणसाचे पैसे 2025 ला देय. ते द्यायचे तर नवे रोखे विकायचे, जुन्या धारकांना “अजून थोडं राहू द्या” म्हणायचं, नाहीतर एखादा खेळाडू विकायचा. कर्ज फिटत नाही, त्याची कूस बदलते. आणि 2020 साली जो माणूस 62 वर्षांचा होता तो दुसऱ्या खेपेला 67 चा असतो. त्याला गुडघ्याचं ऑपरेशन असतं, नातीचं लग्न असतं. प्रेम तेवढंच राहिलं तरी हात आखडतो.

त्यात मुहूर्त कसा लागला बघा. नव्या मैदानावर पहिला सामना 3 नोव्हेंबर 2020, डॉन्कास्टरविरुद्ध 2-2. प्रेक्षक एकही नाही. दोन दिवसांनी इंग्लंडात दुसरी टाळेबंदी. एकोणतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते घर उघडलं आणि घरच्यांनी ते लॅपटॉपवर बघितलं. चिरंजीव सांगतात, त्या रात्री ते जेवण घेऊन नदीकाठी आले होते आणि भिंतीबाहेरून चेंडूला लाथ बसल्याचा आवाज ऐकत उभे होते. घराचा हप्ता सुरू आणि दुकानाला कुलूप, अशी ती अवस्था. ऑगस्ट 2021 मध्ये लोक आत आले, आणि त्याच हंगामाच्या शेवटी, 2022 ला, संघ खालच्या विभागात घसरला. तिथे दूरचित्रवाणीचा वाटा कमी, जाहिरातदार हात राखून. व्याज मात्र घसरत नाही.

मग अशा संस्था तगतात कशा? घरच्या लीग सामन्यांचे दिवस वर्षाला 23. उरलेल्या तीनशे बेचाळीस दिवसांत इमारतीने कमवायला हवं. म्हणून हॉल समारंभांना, बार रोजचा, 2022 पासून लंडन ब्रॉन्कोज हा रग्बी लीगचा संघ भाडेकरू म्हणून आणला. मैदानाचं नाव चेरी रेड रेकॉर्ड्स या संगीत कंपनीला दिलं. सगळे तरी प्लाउ लेनच म्हणतात. त्या कंपनीने पैसे मोजून घेतलेलं नाव मी इथे एकदा लिहिलं, तेवढंच त्यांना पुण्य. आणि खेळाडू. इराकमध्ये जन्मून लिव्हरपूलला वाढलेला अली अल-हमादी इथे गोलमागून गोल मारत होता. जानेवारी 2024 मध्ये तो इप्सविचला गेला. दुभती म्हैस ऐन दुधात विकायची, कारण सोसायटीचा हप्ता आहे. लोकांनी कुरकुर केली, पण शिव्या घातल्या नाहीत म्हणे. हिशोब सगळ्यांना माहीत होता.

सप्टेंबर 2024 मध्ये त्या पाटाएवढ्या वँडलने आपलं अस्तित्व दाखवलं. रात्रभर पाऊस, नदी काठ सोडून आत शिरली आणि मैदानाच्या गवतात चक्क खड्डा पडला, माणूस उतरेल असा. त्याच सुमारास न्यूकॅसलसारखा बडा संघ कप सामन्यासाठी इथे यायचा होता. त्या एका संध्याकाळच्या कमाईवर कितीतरी हप्ते निघाले असते. सामना न्यूकॅसलला हलवावा लागला, 1-0 ने हरले. पंचगंगेचा पूर आम्ही 2019 ला आणि 2021 ला बघितलाय, त्यामुळे फोटो बघून मला हसू आलं नाही. दुरुस्तीसाठी पुन्हा लोकांपुढे झोळी पसरली आणि लाखाच्या वर पाउंड जमले. न्यूकॅसलनेही हातभार लावला. त्याच हंगामाच्या शेवटी, 26 मे 2025 ला, वेम्बलीवर वॉल्सॉलला 1-0 ने हरवून संघ परत वर आला. मला हा क्रम फार आवडतो. खड्डा, वर्गणी, बढती.

माझ्या शनिवारच्या सामन्याबद्दल फार लिहीत नाही. प्रतिस्पर्धी उत्तरेकडचे, चेंडू आकाशात जास्त आणि गवतावर कमी. ज्याला छोट्या पासांचा खेळ बघायचा आहे त्याने घरी बसून स्पेनचे सामने लावावेत. ज्याला हाडावर हाड आपटल्याचा आवाज ऐकायचा आहे त्याने इथे यावं. आम्ही पूर्वेच्या बाजूला खालच्या रांगेत होतो. तिथून बाजूचा बचावपटू इतका जवळ की तो थ्रो घ्यायला आला तेव्हा मी सवयीने “लांब टाक, लांब!” असं मराठीत ओरडलो. त्याने लांब टाकला. नातू माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला.

शेजारी सत्तरीच्या एक बाई, निळा-पिवळा स्कार्फ, मांडीवर थर्मास. 1988 ला वेम्बलीत होत्या, 2002 ला त्या गवतावरच्या निवड चाचणीलाही. मध्यंतरात मी विचारलं, “तुमचेही पैसे आहेत का रोख्यात?”

“आहेत ना. वीस वर्षांचे.”

मी मनात वजाबाकी केली. त्यांनी ती चेहऱ्यावर वाचली असावी.

“मुदत संपेल तेव्हा मी नसेन बहुतेक,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर वीस घेतली. पोरांना कळायला हवं की ही जागा कुणाला तरी देणं लागते.”

मग थर्मासातला चहा मला दिला. दूध कमी होतं, तरी प्यायलो.

कोल्हापूरशी तुलना मनात येतेच. आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी, सगळ्या तालमींचे संघ एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. कुणाचंच स्वतःचं मैदान नाही, म्हणून कुणावरच मैदानाचं कर्ज नाही. वैर पक्कं, भाडं एकाच दारात. ही व्यवस्था मला कायम शहाणपणाची वाटत आली. पण सेलहर्स्ट पार्कला बारा वर्षं भाड्याने राहिलेल्या क्लबचं काय झालं ते वाचल्यावर आता तेवढ्या जोरात बोलत नाही. शाहू स्टेडियम छत्रपतींच्या नावाचं, गावचं आहे. उद्या कुणी ते विकायला काढील असं स्वप्नातही येत नाही. विम्बल्डनवाल्यांनाही 1988 मध्ये येत नसणार.

तर निकाल. सामन्याचं तिकीट: वर्ग ‘अ’. लहान मुलं आणि गुडघे दुखणारे आजोबा दोघांनाही घेऊन जाण्यासारखं. जाताना वँडलच्या काठाने जा, येताना टूटिंगला थांबा. तिथल्या तमिळ हॉटेलांत मसाला डोसा आणि कडक फिल्टर कॉफी मिळते, हारल्या दिवशीही चव तीच. प्लाउ लेन बाँड, गुंतवणूक म्हणून: वर्ग ‘क’. संस्थेची उभारणी आणि कर्ज पेलण्याची पद्धत: वर्ग ‘ब’. ‘अ’ देत नाही, कारण मुदतींचा मेळ बसलेला नाही, आणि उत्पन्नाचा भरवसा संघ वरच्या विभागात टिकण्यावर आहे. तो लेखापरीक्षकाच्या हातात नसतो आणि अध्यक्षाच्याही. दोष दुरुस्ती अहवालात एकच मुद्दा लिहीन: नव्या रोख्यांची मुदत दहा वर्षांच्या खाली ठेवू नये.

निघताना नातवासाठी क्लबच्या दुकानातून स्कार्फ घेतला. चिरंजीव पैसे द्यायला पुढे झाले, मी त्यांचा हात बाजूला केला. एवढा खर्च माझ्या खाती. काउंटरवरच्या पोरीने स्कार्फ पिशवीत घातला आणि विचारलं, पावती हवी का?

“हवी,” मी म्हटलं.